कार्यसम्राट तुच्छ सेवक

नम्रता शब्दांनी शिकवता येत नाही, ती जगून दाखवावी लागते, असे आमचे पाळकसाहेब म्हणत. म्हणत म्हणजे माईकवर म्हणत. माईक बंद असला तर तो सुरू होईपर्यंत थांबत आणि मग पहिल्यापासून म्हणत.

आमचे चर्च निमगाव केतकीच्या पुढे, इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. मिशनच्या काळातले दगडी बांधकाम, वर पत्रा, समोर एक लिंब. रविवारी आसपासच्या वस्त्यांवरची ख्रिस्ती घरे उपासनेला येतात. आम्ही दोनचार जण बारामतीहून येतो, कारण आमच्या आईबापांच्या कबरी त्या चर्चच्या मागे आहेत. एवढ्याशा मंडळीच्या वाट्याला एवढा मोठा नम्र माणूस यावा, याचे आम्हाला फार दिवस नवल वाटत होते. नंतर सवय झाली.

साहेब उंच आणि भरदार होते. कमरेतून वाकणे पोटाला मानवत नसल्यामुळे ते मानेतून वाकत. हात मात्र कायम जोडलेले. रस्त्याने चालताना, गाडीतून उतरताना, एकदा तर रसवंतीत उसाचा ग्लास समोर आला असतानाही त्यांचे हात जोडलेले मी पाहिले आहेत. ग्लास कुठे ठेवावा हे रसवाल्याला कळेना. अंगातला पांढरा झगा साध्या सुती कापडाचा होता. पण तो बारामतीला धुवायला जाई, नीळ आणि खळ होऊन येई आणि गाडीत हँगरला उभा राहून प्रवास करी. साधेपणाला इस्त्री फार लागते, हे मला त्यांच्याकडे पाहून समजले.

त्यांचे आवडते वाक्य होते, "मी कोण?" कोणी त्यांचे कौतुक केले की ते डोळे मिटून म्हणत, "मी कोण? मी धूळ." आणि मग थांबत. हे थांबणे महत्त्वाचे होते. त्या वेळात समोरच्याने "छे छे, साहेब, असं कसं म्हणता!" असे म्हणायचे असे. तसे म्हटल्याशिवाय साहेब डोळे उघडत नसत. मंडळीला हे हळूहळू कळले आणि तेवढे एक वाक्य म्हणायला प्रत्येक जण तयार असे.

याकोबतात्या सोडून. तात्या शेजारच्या वस्तीवरचे शेतकरी. थोडा ऊस, थोडे डाळिंब, एक म्हैस. साखरेचा आजार. "ऊस कारखान्याला जातुया, साखर माझ्याकडं येती," असे ते स्वतःच सांगत. एका रविवारी उपासनेनंतर लिंबाखाली तात्यांनी साहेबांना म्हटले, "आज चांगलं बोलला, साहेब. लवकर आटापलं."

साहेबांनी डोळे मिटले. "मी कोण, तात्या? मी धूळ."

आणि थांबले.

तात्यांनी थोडा विचार केला. "व्हय, साहेब," ते म्हणाले. "आपन समदीच."

साहेब बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले. उघडले तेव्हा तात्या सायकलवर टांग टाकून निघूनही गेले होते. पुढच्या रविवारचा उपदेश वडीलधाऱ्या माणसांतही कसा उद्धटपणा असतो या विषयावर झाला. तात्यांना तो फार आवडला. "आमच्या चुलत्याला ऐकवाय पायजे हुता," ते म्हणाले.

साहेबांना बिशप व्हायचे होते. यात गुपित काही नव्हते, कारण ते रोज त्याचा इन्कार करीत. आमचे बिशपसाहेब निवृत्तीला आले होते आणि त्यांच्या जागी कोण, याची सगळ्या मंडळ्यांत कुजबुज होती. निवडणारे पुष्कळ असले तरी बिशपसाहेबांचा शब्द चालायचा. "मला पदाचा मोह नाही," असे साहेब पहिल्या भेटीतच सांगत. विचारले नसले तरी सांगत. एकदा रस्त्यात भेटलेल्या जनावरांच्या डॉक्टरांना त्यांनी हे सांगितले. तो बिचारा तात्यांच्या म्हशीला बघायला चालला होता.

कुठल्याही कार्यक्रमाला गेले की साहेब शेवटच्या रांगेत बसत. आपण मागे बसावे, वर बोलावले तर जावे, ही शिकवण त्यांनी मनावर घेतली होती. फक्त मागची खुर्ची निवडताना ती मधल्या वाटेला लागून आणि व्यासपीठावरून सरळ दिसेल अशी असे. एकदा बारामतीत सर्व धर्मांच्या पुढाऱ्यांचा सद्भावनेचा कार्यक्रम होता. साहेब नेहमीप्रमाणे मागे जाऊन बसले. सूत्रसंचालकाने सगळ्यांना वर बोलावले, यांना बोलावले नाही. हार झाले, नारळ झाले, भाषणे झाली. साहेब मंडपाच्या टोकाला, भजी तळणाऱ्या माणसांच्या अलीकडे, हात जोडून बसून राहिले. परतताना मी त्यांच्याच गाडीत होतो. भिगवण चौक मागे पडल्यावर मला म्हणाले, "तुम्ही पुढं बसला होता ना? एकदा मागं वळून बघायचं होतं. लोकांचं लक्ष गेलं असतं."

माझे मराठी बरे आहे असा मंडळीत समज असल्यामुळे निमंत्रणे, मानपत्रे आणि फ्लेक्सचा मजकूर माझ्याकडे येत असे. त्यातून नम्रतेच्या पायऱ्या मला कळल्या. 'नम्र' हा शब्द साहेबांना कमी वाटे. 'विनम्र' सगळेच लिहितात. 'अतिनम्र' त्यांना आवडे. मी म्हणालो, 'अति' लावल्याने शब्दाला तक्रारीचा वास येतो. ते म्हणाले, "मग 'तुच्छ' घाला. पण अक्षर मोठं ठेवा."

म्हणून त्यांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी मी 'प्रभूचा तुच्छ सेवक' असे लिहून दिले. इंदापूरच्या ज्या दुकानात आमचे फ्लेक्स होत, त्याचा मालक कसलेला माणूस. सरपंचापासून वरपर्यंत सगळ्यांचे वाढदिवस त्याच्या यंत्रातून निघालेले. त्याच्याकडे ठरलेला साचा होता: वर एक बिरुद, मधे हात जोडलेला फोटो, खाली मित्रपरिवार. साहेबांचा हात जोडलेला फोटो त्या साच्यात इतका नेमका बसला की वरचे बिरुद बदलायचे त्याच्या लक्षातच आले नाही. फ्लेक्स उलगडला तेव्हा त्यावर एका खाली एक असे छापलेले होते:

कार्यसम्राट
तुच्छ सेवक

मी दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "सर, चुकलं काय त्यात? साहेबाचं वजन वाढतंय की." मी साहेबांना म्हटले, उद्यापर्यंत दुसरा छापून देतो म्हणतोय. साहेब फ्लेक्ससमोर उभे राहिले. मान डावीकडे कलती केली, उजवीकडे कलती केली.

"राहू द्या," ते म्हणाले. "त्याचे कष्ट वाया नको जायला."

तो फ्लेक्स चर्चच्या कुंपणाला लागला आणि पुढे काही वर्षे लागूनच राहिला.

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी, प्रभूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून पाळकाने मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुवायचे असतात. आमच्याकडे ही चाल मागे पडली होती. ज्या वर्षी बिशपसाहेब गुरुवारच्या उपासनेला येणार असे ठरले, त्या वर्षी साहेबांना तिची आठवण झाली. सेवकाची नम्रता बिशपसाहेबांना जवळून बघता यावी म्हणून त्यांची खुर्ची पायधुणीच्या जागेपासून हाताच्या अंतरावर ठेवायचे ठरले. त्यानंतर जेवण, आणि जेवणाला साहेबांची खुर्ची बिशपसाहेबांच्या शेजारी. जे काय बोलणे व्हायचे ते तिथे व्हायचे होते.

आदल्या रविवारी साहेबांनी वेदीजवळून सूचना केली. "ज्यांचे पाय धुवायचे आहेत, त्यांनी पाय धुऊन यावं. टाचा घासून याव्यात. नखं काढावीत. भेगा असतील तर काहीतरी लावावं, पण चमकेल असं नको."

मंडळीने सूचना मनावर घेतली. निवृत्त तलाठी तर म्हणे बारामतीला जाऊन पाय मशिनीने घासून आले आणि दोन दिवस घरात मोजे घालून फिरत होते. अडचण वेगळीच निघाली. शिष्यांतला बारावा कोण, हे सगळ्यांना ठाऊक. ज्याने प्रभूला धरून दिले तो. त्यामुळे बाराव्या खुर्चीवर बसायला कोणी तयार होईना. तलाठी म्हणाले, "मी पैली धरली." दुसरे एक म्हणाले, "मला कुठलीबी द्या, शेवटची सोडून. लेकाचं लगीन जमवायचंय." शेवटी एका सोशिक माणसाला कसेबसे राजी केले, तर गुरुवारी सकाळी त्याच्या बायकोने निरोप पाठवला, त्याची कंबर धरली आहे.

गुरुवारी ऊन उतरल्यावर उपासना सुरू झाली. अकरा खुर्च्यांवर अकरा जण, पॅन्ट दुमडून, घासून गोरे केलेले पाय पुढे करून. बारावी खुर्ची मोकळी. साहेब पितळी परातीत गुलाबाच्या पाकळ्या टाकलेले कोमट पाणी घेऊन उभे. फोटोवाला गुडघ्यावर बसलेला. बिशपसाहेब हाताच्या अंतरावर. आणि दारातून याकोबतात्या आत आले.

कालव्याचे पाणी नेमके त्या दिवशी त्यांच्या उसाला आले होते. दुपारपासून ते दारे धरत होते, एका सरीतले पाणी अडवून दुसरीत सोडत होते. पाळी दुसऱ्याच्या हातात देऊन, अंगावर धुतलेला सदरा चढवून ते तसेच आले होते. रविवारी ते उसात असल्यामुळे त्यांना सूचना माहीत नव्हती. बाके भरलेली होती. पुढे एक खुर्ची रिकामी दिसली. तात्या बसले.

साऱ्या चर्चमधून एक हलकासा हुंकार गेला. मार्थाकाकूंनी, म्हणजे तात्यांच्या बायकोने, बायकांच्या बाकावरून हाताने "उठा, उठा" केले. तात्यांनीही हात हलवून उत्तर दिले.

साहेब अकरा जणांचे पाय धुऊन गेले. धुऊन म्हणजे पाकळीला लागलेले पाणी बोटाने पायाला लावून, आणि प्रत्येक पायाला एक फोटो देऊन. परातीतले पाणी इतके निर्मळ राहिले की मंडळीच्या पायांचा मला अभिमान वाटला. मग ते बाराव्या खुर्चीपुढे आले आणि खाली पाहिले. गुडघ्याच्या खाली पाय असा दिसतच नव्हता. काळ्या रानाचे दोन खांब होते.

"ऱ्हाऊ द्या, साहेब," तात्या कुजबुजले. "मी कालव्यावर धुतो."

साहेबांनी बिशपसाहेबांकडे पाहिले. बिशपसाहेब पाहत होते. फोटोवाला म्हणाला, "साहेब, हा भारी येईल." साहेब गुडघ्यावर बसले. पहिल्यांदा बोटाने प्रयत्न झाला. मग ओंजळीने. मग झग्याच्या बाह्या वर गेल्या आणि सगळी परात आडवी झाली. पाकळ्या चिखलाला चिकटल्या, पाणी चहासारखे झाले, साहेबांच्या खळीच्या झग्याचा पुढचा भाग मऊ पडला. उजव्या पायाचा तळवा वर करून ते अंगठ्याखालचा चिखल काढायला गेले, आणि त्यांचा हात थांबला.

मी दुसऱ्या बाकावर होतो. वास माझ्यापर्यंत आला.

"तात्या, हा काटा कधी घुसला?"

"कुठला काटा?" तात्या म्हणाले आणि वाकून आपल्याच तळव्याकडे परक्यासारखे पाहू लागले. बाभळीचा काटा आत मोडला होता. भोवतालचे सगळे काळे पडले होते आणि अंगठ्याचा रंग पायाच्या रंगाशी जुळत नव्हता. साखरेच्या माणसाला पायाचे दुखणे कळत नाही. तात्यांना काहीच कळले नव्हते.

फोटोवाला म्हणाला, "साहेब, जरा इकडं बघा. हात जोडून एक."

"गप ए," साहेब म्हणाले. एवढा लहान उपदेश त्यांनी त्याआधी कधी केला नव्हता. मग त्यांनी तात्यांच्या काखेत हात घातला, उठवले, आणि मधल्या वाटेने बाहेर नेले. माईकजवळून गेले, पण काही बोलले नाहीत. त्यांची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मार्थाकाकू चपला हातात घेऊन मागून धावल्या. उपासनेचा समारोप शेजारच्या मंडळीचे पाळक पाहुणे म्हणून आले होते, त्यांनी केला. जेवणाला बिशपसाहेबांच्या शेजारच्या खुर्चीवरही तेच बसले, कारण ती मोकळी होती. बिशपसाहेबांनी एकदा साहेबांची चौकशी केली. पाहुणे म्हणाले, "तापट आहेत, पण माणूस चांगला." एवढ्यावर तो विषय संपला.

बारामतीच्या डॉक्टरांनी तात्यांचा अंगठा काढला आणि पाय राखला. मी भेटायला गेलो तेव्हा तात्या खाटेवर बसून हसत होते. "अंगठा ग्येला, सर. आता सही शिकावी लागंल."

यथावकाश नवे बिशप निवडले गेले. शेजारच्या मंडळीचे पाळक.

मला वाटले होते, आता वर्षभर या अंगठ्याचा उपदेश ऐकावा लागणार. मी मनाची तयारीही केली होती. इतकी तयार गोष्ट, आणि सांगणारा स्वतःच तिचा नायक. साहेब ती सोडतील असे मला वाटेना. तात्या घरी आल्यानंतरच्या रविवारी ते नम्रतेवर बोलले, नेहमीसारखेच, माईकवर, पोट भरून. अंगठ्याचे नाव नाही. पुढच्या रविवारीही नाही. मी वाट पाहून कंटाळलो.

पुढे केव्हातरी तात्यांच्या वस्तीवर गेलो, तर साहेबांची गाडी गोठ्याशेजारी उभी. साहेब जमिनीवर फतकल मारून बसले होते, तात्यांचा पाय मांडीवर, आणि पट्टी बदलत होते. हात जोडलेले नसलेले मी त्यांना त्या गुरुवारनंतर प्रथमच पाहिले. आणि ते ओरडत होते.

"पुन्हा अनवाणी गेलात ना उसात? बघा, बघा हे! तुमच्या अंगठ्यापायी माझी बिशपची खुर्ची गेली, तात्या. आता पाय तरी सांभाळा!"

"मला खुर्चीचं सांगू नगा, साहेब," तात्या म्हणाले. "तुमी मला कुठल्या खुर्चीवर बशिवलं हुतं, ते आख्ख्या गावाला ठावं हाय."

"मी बसवलं? तुम्हीच येऊन बसलात!"

"मोकळी हुती म्हून बसलो. तितं पाटी लावायची हुती."

मार्थाकाकूंनी मला ओसरीवर चहा दिला. हे किती दिवस चाललेय, मी विचारले. "नर्सबाई येत न्हाईत इतक्या लांब. तवापासनं हेच येत्यात," त्या म्हणाल्या. "कुणाला सांगू नका म्हनत्यात."

"आणि 'मी कोण, मी धूळ' म्हणतात का इथे?"

काकूंनी थोडे आठवून पाहिले. "न्हाय बा. हितं नुसतं वरडत्यात."

साहेबांनी मला पाहिले आणि त्यांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला.  त्यांनी लगेच हात जोडले, आणि एका हातात पट्टी असल्यामुळे ती तात्यांच्या पायाला ओढली गेली, आणि तात्यांनी आईच्या नावाने हाक मारली.

या एका घराबाहेर साहेबांत काही फरक पडला, असे मी म्हणणार नाही. झग्याला खळ होतीच. शेवटच्या रांगेतली मधल्या वाटेची खुर्ची होतीच. नव्या बिशपांच्या सत्कारात त्यांनी "मला पदाचा मोह नव्हता" हे इतक्या वेळा सांगितले की नव्या बिशपांनाही ते पटेनासे झाले. मग त्यांची बदली झाली, लांब, दुष्काळी भागात. बदली कोणी केली हे कोणी विचारले नाही.

निरोपाचे मानपत्र अर्थातच माझ्याकडे आले. मी त्यात त्यांच्या आवडीचे सगळे घातले: त्यागमूर्ती, दीनांचा कैवारी, आणि मन मारून 'अतिनम्र'सुद्धा. मधे एक साधे वाक्य लिहिले, की यांनी मंडळीतल्या एका माणसाचा पाय बिशपसाहेबांसमोरचा कार्यक्रम टाकून वाचवला आणि पुढे त्याची जखम स्वतःच्या हाताने धुतली. साहेबांनी मसुदा वाचला. मान डावीकडे, मान उजवीकडे. खिशातून पेन काढून त्यांनी फक्त तेवढे वाक्य खोडले.

"हे नको," ते म्हणाले. "बाकी सगळं राहू द्या."

मी कारण विचारले.

"त्या दिवशी उपासना अर्धी टाकून गेलो मी. पाळकाला शोभत नाही. नोंद कशाला?"

ही नम्रता होती, की लाज होती, की उपासना अर्धी राहिल्याचा त्यांना खरोखरच सल होता, हे मी ठरवू शकलो नाही. ते डोळे उघडे ठेवून बोलले आणि थांबले नाहीत, एवढेच सांगतो. माझ्या तोंडाशी "छे छे, साहेब" आले होते ते तसेच राहिले.

निरोपाच्या दिवशी मानपत्र मीच वाचले. 'अतिनम्र'ला टाळ्या पडल्या. तात्या सगळ्यात शेवटी आले, एक पाय किंचित ओढत, पायात साहेबांनीच बारामतीहून आणून दिलेले जाड बूट. आता काहीतरी हृद्य बोलतील म्हणून फोटोवाला पुढे सरसावला.

"साहेब," तात्या म्हणाले, "त्यो कुंपनावरचा फ्लेक्स नेऊ का? तुमी तर चालला. गोठा गळतुया माझा."

"न्या," साहेब म्हणाले. "आणि बूट काढू नका."

गाडी वळून सोलापूरच्या बाजूला गेली. मागच्या काचेतून हँगरला उभा असलेला झगा बराच वेळ दिसत होता.

फ्लेक्स अजून तात्यांच्या गोठ्यावर आहे. अंथरताना फोटो आणि 'तुच्छ सेवक' दगडाखाली दुमडले गेले. रस्त्यावरून दिसतो तो फक्त वरचा एक शब्द. त्याच्या बरोबर खाली म्हैस बांधलेली असते. वस्तीवरचे लोक तिला आता कार्यसम्राटच म्हणतात. सध्या ती गाभण आहे.